कुनित्साच्या पोटातला दोरा

मी एक जुनी पाणबुडी आहे. खरे सांगायचे तर पाणबुडीचा उरलेला भाग आहे. माझे नाक कापून नेले, शेपटीही कापून नेली. मधले तीन कप्पे तेवढे राहिले. नाक कापले म्हणजे माझी बेअब्रू झाली असे मात्र समजू नका, मित्रांनो! माझी अब्रू शाबूत आहे, आणि ती कशी शाबूत राहिली हेच तर मला सांगायचे आहे.

उत्तरेकडच्या एका खाडीच्या काठी काँक्रीटचे भले मोठे अंगण आहे. तिथे माझ्यासारख्या पन्नासेक जणी ओळीने बसलो आहोत. प्रत्येकीच्या पोटात एक अणुभट्टी आहे आणि ती पुरती निवायला सत्तर वर्षे लागतील म्हणतात. तोवर आम्हाला दुसरे काम नाही. शिवाय माझा सगळा जन्म गप्प राहण्यात गेला. जी पाणबुडी आवाज करते ती पकडली जाते, म्हणून गप्प राहणे हाच आमचा धंदा. आता बोलायला मिळते आहे तर मी जरा घाईने आणि जरा मोठ्याने बोलेन, सांभाळून घ्या.

माझा जन्म पांढऱ्या समुद्राच्या काठी झाला. तिथली शेड एवढी मोठी होती की आतल्या कबुतरांच्या तीन पिढ्या बाहेरचे आकाश न बघता वाढल्या. जाडजूड पोलाद वाकवून माझ्या बरगड्या केल्या. वेल्डिंग करणाऱ्या बायका एकेक जोड सात सात वेळा तपासत आणि जरा शंका आली की कापून पुन्हा जोडत. चार वर्षे गेली. मग एके सकाळी बँड वाजला आणि त्यांच्यातल्याच एकीने माझ्या नाकावर शॅम्पेनची बाटली मारली. बाटली पहिल्या फटक्यात फुटली पाहिजे, नाहीतर पाणबुडी अपशकुनी ठरते. माझी अशी फुटली की अर्धा फेस मोठ्या साहेबांच्या टोपीवर उडाला. लोक टाळ्या वाजवत होते आणि मी पाण्यात सरकत होते. काय दिवस होता तो!

माझे नाव ठेवले कुनित्सा. कुनित्सा म्हणजे मुंगसासारखा लांबुडका जंगली प्राणी. तो कधी कुणाला दिसत नाही, फक्त सकाळी खुराड्यातली एक कोंबडी कमी असते. माझे कामही तसेच होते. मोठ्या पाणबुड्या क्षेपणास्त्रे पोटात घेऊन डुलत जातात, आणि आम्ही चपळ शिकारी पाणबुड्या त्यांची राखण करतो, परक्यांचा माग काढतो. अणुभट्टीमुळे मला वर येऊन श्वास घ्यावा लागत नसे. तीन तीन महिने मी पाण्याखाली राही. संपायची ती माझी ताकद नव्हे, आचाऱ्याकडचे बटाटे.

माझ्या पोटात ब्याऐंशी माणसे राहत. त्यांत मला सगळ्यांत जवळचा होता यंत्रप्रमुख प्रोखोर इग्नातिच झिमिन. आमच्याकडे यंत्रप्रमुखाला ‘देद’ म्हणतात, म्हणजे आजोबा. झिमिन तेव्हा अवघा चौतीस वर्षांचा होता, डोक्यावर केसही भरपूर होते, पण देद तो देदच. पहिल्यांदा खोल जाण्याआधी त्याने बायकोच्या शिवणाच्या डब्यातून पांढरा दोरा आणला आणि टर्बाइनच्या कप्प्यात, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, ताणून बांधला. आचारी लुका पानासेन्को तिथे चहा द्यायला आला होता.

“हे काय, लंगोट वाळत घालणार?” त्याने विचारले.

“तुझे आणलेस तर तेही घालू. गप्प उभा राहा आणि बघ.”

मी खाली जाऊ लागले. समुद्राने मला चहूबाजूंनी आवळायला सुरुवात केली. माझ्या बरगड्या कुरकुरल्या, आणि तो ताठ दोरा हळूहळू मधे झोल घेऊ लागला. पानासेन्को पेल्यासकट दाराकडे सरकला.

“अरे देवा! आपण आवळले जातोय!”

“आपण नाही, ती आवळली जातेय. आपण तिच्या पोटात आहोत म्हणून तर तुला चहा पिता येतोय,” देद म्हणाला. त्याने झोलाखाली बोटे धरून मोजले. “दोन बोटं म्हणजे ती मजेत आहे. तीन बोटं म्हणजे दमानं घ्यायचं. चार बोटांच्या पुढे तिला कधीही न्यायचं नाही. तिथं ती चिरडेल, आणि आपण तिच्याबरोबर.”

माझ्यात खोली मोजायची चांगली महागाची यंत्रे होती, पण माझी माणसे विश्वास ठेवायची दोऱ्यावर. पुढे प्रत्येक फेरीला नवा दोरा बांधला गेला.

त्याच दिवशी नवख्यांचा विधी झाला. दिव्याच्या काचेच्या टोपणातून खारे पाणी एका दमात प्यायचे आणि मग छताला टांगलेला, ग्रीस माखलेला मोठा घण झुलत येतो त्याचा मुका घ्यायचा. घाई केली तर दात हलतात, उशीर केला तर घण मागे जातो आणि सगळे खिदळतात. कमांडर ग्लेब अर्काद्येविच तुमानोव स्वतः पहिला पुढे झाला. तो फार कमी बोलणारा माणूस होता, खिशात कायम सूर्यफुलाच्या बिया. नाकावर काळा ठिपका घेऊन तो दिवसभर फिरला आणि कुणी हसले नाही, कारण सगळ्यांच्याच नाकावर ठिपके होते.

या घणावरून देद आणि पानासेन्को यांचे कायमचे वैर होते. घण टर्बाइनच्या कप्प्यातला, पण आचाऱ्याकडचे गोठलेले मांस दगडासारखे. तो गुपचूप घण पळवी आणि मांस फोडी.

“चोरा, घण कुठाय माझा?” देद फोनवर ओरडायचा.

“कुठला घण? हां, तो होय! जेवण पाहिजे की घण, ते एकदा ठरवा.”

“दोन्ही पाहिजे!”

“मग संध्याकाळी या. आज सूप आहे, त्यात लोखंड भरपूर आहे.”

मित्रांनो, ती वर्षे कशी गेली ते सांगायला मला तीन तोंडे हवीत! एकदा एक परकी पाणबुडी आमच्या दारापर्यंत आली होती. मी तिच्या मागे लागले. चार दिवस! तिच्या पंख्याचा आवाज ऐकायचा आणि आपला ऐकू द्यायचा नाही. माणसे मोज्यांवर चालत होती. शिंक आली तर उशीत तोंड. घण गोधडीत गुंडाळून देदने आपल्या बिछान्यात घेतला, म्हणून चार दिवस सगळ्यांनी डब्यातले मासे खाल्ले. तिने वळून मागे पाहिले की मी थांबे, ती निघाली की मी निघे. शेवटी आमच्या समुद्राच्या हद्दीवर आम्ही तिला ध्वनियंत्रातून एकच जोरदार टणत्कार ऐकवला: आम्ही इथे आहोत, बरं का! ती अशी पळाली! माझ्या पोटात ब्याऐंशी माणसे एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती आणि तुमानोव बिया वाटत होता.

चौथ्या वर्षी नवा उपकमांडर आला. त्याचे नाव वेनियामिन साविच कोझुखोव. माणूस वाईट नव्हता, पण कार्यालयातून आलेला, पँटच्या घडीने हात कापावा असा. घण समोर झुलत आला तेव्हा तो मागे सरकला.

“हा पोरखेळ माझ्यासाठी नाही. मी अधिकारी आहे.”

“घण रागावतो हं, साहेब,” पानासेन्को पुटपुटला.

“घणाला माझ्याकडे अर्ज करायला सांग.”

त्यानंतर थोड्याच दिवसांत बातमी आली की मोठे साहेब तपासणीला येणार. आमच्याकडे तपासणी म्हणजे रंग! जे हलते त्याला सलाम ठोकायचा आणि जे हलत नाही त्याला रंग फासायचा, ही तिथली रीतच आहे. या साहेबांची तर ख्याती होती. ते पांढरा रुमाल घेऊन फिरत आणि वाटेल तिथे पुसून बघत. रुमालावर काळा डाग पडला की नौका नापास. पास झाली तर ‘उत्कृष्ट नौका’ हा झेंडा आणि सगळ्यांना भर उन्हाळ्यात सुट्टी.

आता पाण्याच्या झडपांचे सांगते. समुद्राचे पाणी माझ्या पोटातल्या नळ्यांतून यंत्रे थंड करायला फिरे, आणि प्रत्येक नळी बंद करायला एक झडप असे. झडपेचा दांडा आटे पाडलेला, उघड्या पोलादाचा. त्याला ग्रीस लावून ठेवायचे, म्हणजे चाक लोण्यासारखे फिरते. ग्रीस काळे. रुमाल पांढरा. झाले, कोझुखोवने हुकूम काढला की झडपांचे ग्रीस पुसून दांड्यांना हिरवा रंग द्या.

“आट्यांना रंग?” देद उसळला. “साहेब, उद्या घोड्याच्या नालाला लोणी लावाल! रंग वाळला की झडप जाम होते.”

“तपासणी झाली की खरवडा. दोन दिवसांचा प्रश्न आहे, प्रोखोर इग्नातिच. तुमची बायको तीन वर्षं उन्हाळ्याची वाट बघतेय ना?”

रायसाला, म्हणजे बायकोला, देदने दक्षिणेच्या उबदार काळ्या समुद्रावर न्यायचे कबूल केले होते. तीन उन्हाळे त्याने पाण्याखाली काढले होते आणि तिने तळाजवळच्या डोंगरावरच्या धुक्यात. तो उठला आणि ब्रश घेऊन आला.

आणि मी? मित्रांनो, खरे बोलायचे ठरवले आहे तर हेही सांगते. मला तो रंग फार आवडला! माझ्या काळ्याकुट्ट पोटात सगळीकडे हिरवे चकाकत होते, नव्या नवरीच्या चुड्यासारखे. मोठे साहेब आले, त्यांनी चाळीस ठिकाणी रुमाल फिरवला, रुमाल पांढराच राहिला. झेंडा मिळाला. मी तर फुगून इतकी मोठी झाले होते की दोरा बांधला असता तर तुटला असता.

पण सुट्टीऐवजी तिसऱ्या दिवशी हुकूम आला: बर्फाखाली जा. देदने रात्रंदिवस एक करून झडपा खरवडल्या. एक्केचाळीस झडपा होत्या, त्याने चाळीस साफ केल्या. शेवटची नळ्यांच्या मागे, कोपऱ्यात होती, तिथे हात घालायला धड जागा नव्हती. तेवढ्यात निघायची घंटा झाली.

“वाटेत करतो,” तो स्वतःशीच म्हणाला. ते मी ऐकले.

बर्फाखालचा समुद्र कसा असतो ठाऊक आहे? वर चार पुरुष जाडीचे छत आणि ते मैलोन्‌मैल संपत नाही. पाणबुडीला काही झाले तर ती वर पळते, पण तिथे वर पळायला वाट नसते. सहाव्या दिवशी, दुपारचे जेवण चालले असताना, टर्बाइनच्या कप्प्यात बंदुकीसारखा आवाज झाला. एका नळीला बोटभर भेग पडली होती. तेवढ्या खोल समुद्रात पाण्याची धार म्हणजे लोखंडी गज. समोर आलेली बादली तिने भिंतीवर आपटून चपटी केली. कप्पा खाऱ्या धुक्याने भरला. देद आणि दोन खलाशी आत होते. देदने झडप बंद करायचे बटण दाबले, पण काहीच झाले नाही. हातानेच बंद करावी लागणार होती. तो धुक्यात चाचपडत कोपऱ्यात गेला, चाकावर हात ठेवला आणि त्याने ती ओळखली.

तीच ती. एक्केचाळिसावी.

“कमांडर,” तो फोनवर म्हणाला, “झडप जाम आहे. रंगानं. चूक माझी आहे.”

“चूक नंतर. किती वेळ?”

“सांगता येत नाही.”

आमच्याकडे एक नियम आहे, आणि तो कुणालाही मोडता येत नाही. ज्या कप्प्यात पाणी शिरले त्याचे दार बंद होते. आतले आत राहतात, बाहेरचे बाहेर. दाराचे चाक गरगर फिरले आणि ती तीन माणसे पाण्याबरोबर आत कोंडली गेली. त्यातच पाणी पाहून टर्बाइन आपोआप बंद पडले. वेग गेला. मी जड होत होते आणि बुडत होते. तुमानोवने माझ्या टाक्यांत सगळी हवा सोडून, पाणी बाहेर ढकलून मला हलके केले असते तर मी बाणासारखी वर जाऊन बर्फावर फुटले असते. तो थोडी थोडी हवा सोडत राहिला आणि मी थोडी थोडी खाली जात राहिले.

“अडीच बोटं!” आतला एक खलाशी दोऱ्याला हात लावून ओरडला.

देदने चाकाच्या आऱ्यात लोखंडी पहार अडकवली आणि तिघे तिच्यावर लोंबकळले. चाक हलले नाही.

“घण पाहिजे!” देद फोनवर ओरडला. “घण कुठाय?”

सगळ्या कप्प्यांतून एकच नाव उठले.

“पानासेन्को!”

आचारी स्वयंपाकघरातून घण खांद्यावर घेऊन धावत सुटला. पोट सुटलेला माणूस, पण अणुभट्टीच्या वरच्या अरुंद बोळातून तो असा आला की भिंतीवरचे दोन फलक खाली पडले. बंद दारासमोर कोझुखोव पहाऱ्यावर उभा होता. आत पाणी पडल्याचा आवाज येत होता.

“साहेब, घण! पण दार...”

“तीन बोटं!” फोनवरून आतला आवाज आला.

कोझुखोवने फोन उचलला. त्याचा आवाज मला अजून आठवतो. कागद वाचल्यासारखा सपाट होता.

“कमांडर, दार उघडायची परवानगी द्या. पाणी अजून गुडघ्यापर्यंतच आहे, उंबरठ्याच्या खाली. एक माणूस आत जाईल. बाहेर येणार नाही.”

“कोण?”

“मी. रंगाचा हुकूम माझा होता.”

तुमानोवच्या तोंडात बी होती, ती त्याने चावली नाही. “उघडा,” तो म्हणाला.

पानासेन्को घण सोडेना. “साहेब, मी जातो. तुम्ही आयुष्यात पेन सोडून काय उचललंय? मी रोज ह्यानंच मांस फोडतो!”

“तुझं सूप करपत असेल. सोड.”

दार फटीएवढे उघडले, तो आत घुसला आणि त्याने मागून दार स्वतःच्या हाताने लावले. त्याच क्षणी आतले दिवे गेले. काळोख, धुके, गुडघाभर बर्फगार पाणी! एका खलाशाने विजेरी धरली, दुसऱ्याने दोऱ्याखाली बोटे. देदने पहार घट्ट धरून ठेवली.

“मारा!”

“तुमच्या हातावर बसेल!”

“बसू दे! हात दोन आहेत, झडप एक आहे. मारा!”

पहिला घाव घसरला आणि देदच्या अंगठ्याला चाटून गेला. त्याने अशी शिवी हासडली की ती मी इथे सांगत नाही. दुसरा घाव बसला, पण चाक तसेच.

“साडेतीन!”

माझ्या बरगड्या दुखत होत्या, मित्रांनो. मी पोलादाची आहे, पण त्या वेळी मला रडू येत होते. तो हिरवा रंग मला हवा होता ना? मिरवायचे होते ना? आता माझ्याच पोटातली माणसे त्या रंगाशी झुंजत होती, आणि मला धीर धरण्यापलीकडे काही करता येत नव्हते. म्हणून मी धीर धरला. एकेक जोड सात वेळा तपासणाऱ्या त्या बायकांची आठवण केली आणि धरून राहिले.

तिसरा घाव. चौथा. पाचव्या घावाला आट्यांतून हिरवी खपली उडाली. सहाव्याला चाक करकरले.

“पावणेचार! साहेब, पावणेचार!”

“मोजत बसू नकोस, इकडे ये आणि ओढ!” कोझुखोव गरजला. हा आवाज त्याच्या गळ्यात आहे हे मला माहीतच नव्हते! देद आणि दोघे खलाशी चाकाला लटकले. सातवा घाव बसला आणि चाक फिरले. पाव फेरा, अर्धा, मग गरगर गरगर! ती लोखंडी धार बारीक झाली, दोरीएवढी झाली, ठिबकू लागली आणि थांबली.

मग खलाशाने पुन्हा दोऱ्याला हात लावला.

“पावणेचार,” तो म्हणाला. “अजून पावणेचार.” थोडे थांबून, “साडेतीन... साडेतीन, देद! वर चाललोय!”

दोन तासांनी तुमानोवला बर्फात एक पातळ जागा सापडली आणि मी ती पाठीने फोडून वर आले. बाहेर लख्ख ऊन होते, दुपारचे पांढरेशुभ्र ऊन! माणसे बर्फावर उतरली आणि शाळा सुटल्यासारखी धावत सुटली. देद अंगठ्याला फडके बांधून माझ्या पाठीवर बसला होता. कोझुखोव घण हातात घेऊन त्याच्यासमोर उभा राहिला. त्याच्या पँटची घडी नाहीशी झाली होती.

“टांगा,” तो म्हणाला.

“काय टांगा?”

“घण टांगा आणि झुलवा. पाणीही द्या. खारं द्या. नियमाप्रमाणे.”

पानासेन्कोने दिव्याचे टोपण आणले. कोझुखोवने एका दमात पाणी पिऊन टाकले, आणि घण झुलत आला तेव्हा बरोबर वेळ साधून त्याचा असा मुका घेतला की ‘टक्’ असा आवाज सगळ्यांनी ऐकला.

“दात?” पानासेन्कोने विचारले.

“आहेत. पण ह्याला मांसाचा वास येतोय.”

“मग! माझं कामही करतोच ना तो!”

ब्याऐंशी माणसे बर्फावर लोळून हसली. मला हसता आले असते तर मी बर्फ आणखी दहा हात फोडला असता.

तळावर परतलो तेव्हा रिवाजाप्रमाणे धक्क्यावर कमांडरला भाजलेले डुकराचे पिल्लू दिले गेले. तुमानोवने त्याचा पहिला तुकडा देदला दिला आणि दुसरा कोझुखोवला. मग वर जाऊन ‘उत्कृष्ट नौका’चा झेंडा स्वतःच्या हाताने उतरवला, त्याची नीट घडी केली आणि तो परत पाठवून दिला. देदने अहवालात लिहिले की चूक माझी. कोझुखोवने लिहिले की हुकूम माझा. सुट्टी अर्थातच गेली. धक्क्यावर रायसा उभी होती. तिने नवऱ्याचा काळानिळा अंगठा पाहिला.

“काळा समुद्र ह्याही वर्षी राहिला, रायसा,” तो मान खाली घालून म्हणाला.

“राहू दे. उन्हाळा काय, इथंही उगवतो. चांगला दोन आठवडे टिकतो. चल घरी, कोबीचं सूप निवतंय.”

त्या दिवसापासून माझ्या झडपांना कधी रंग लागला नाही. दर सोमवारी देद एक्केचाळीसही चाके फिरवून बघे, आणि ती शेवटची कोझुखोव स्वतः फिरवी. शेजारच्या पाणबुड्यांवरचे लोक आम्हाला ‘काळ्या हातांचे’ म्हणून चिडवत. पुढच्या तपासणीला मोठ्या साहेबांचा रुमाल काळाभोर झाला. कोझुखोवने खिशातून साबणाची वडी काढून अदबीने त्यांच्यापुढे धरली. आम्हाला ‘ठीक’ असा शेरा मिळाला, आणि त्या शेऱ्याची मला झेंड्यापेक्षा जास्त ऐट होती.

पुढे देशाचे दिवस पालटले. मला धक्क्याला बांधून ठेवले ते ठेवलेच. पानासेन्को आपल्या गावी दक्षिणेला गेला. जाताना घण देदच्या दारात ठेवून गेला, पहिल्यांदाच न मागता. तुमानोव निवृत्त झाला. माझ्या पाठीवर समुद्रपक्षी घरटी करू लागले. शेजारच्या दोघी धक्क्याला बांधल्या बांधल्या गंजून कलल्या. मी मात्र सरळ राहिले, कारण सोमवार आला की देद यायचा. कुणी त्याला सांगत नव्हते. त्याचे केस पांढरे झाले आणि देद हे नाव त्याला खरोखर शोभू लागले. शेवटी मला कापायला नेले तेव्हा कारखान्यातले लोक चकित झाले. पंचवीस वर्षांच्या पाणबुडीची चाके एका बोटाने फिरत होती!

मधले तीन कप्पे राहिले, त्यांत माझा टर्बाइनचा कप्पा होता. तो कायमचा बंद करण्याआधी दोन म्हातारे आत आले. देदने कोपऱ्यातल्या झडपेला ग्रीस लावले. कोझुखोवने तिचे चाक एकदा पूर्ण फिरवले. मग देदने खिशातून रायसाच्या डब्यातला दोरा काढला आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणून बांधला.

“आता हे कोण बघणार, प्रोखोर इग्नातिच?” कोझुखोवने विचारले.

“ती.”

दोघे वाकून बाहेर पडले आणि पोलादी झाकण जोडले गेले.

आता दर काही वर्षांनी मला बाहेरून रंग देतात. गंज चढू नये म्हणून द्यावाच लागतो, आणि रंगवणाऱ्या बायका तो मन लावून देतात. रंगावर माझा राग नाही, मित्रांनो. तुमच्या घरी सायकल असेल, शिवणयंत्र असेल, विहिरीचा रहाट असेल, त्यांना खुशाल रंगवा. पण त्याआधी एकदा फिरवून बघा. जिथे ग्रीस हवे तिथे हात काळे करा. आणि एखादी गोष्ट वाटेत करू म्हणून सोडली असेल, तर उठा आणि आत्ताच्या आत्ता करा. माझी ब्याऐंशी माणसे घरी परतली ती एका काळ्या, वास मारणाऱ्या घणामुळे आणि ‘माझी चूक’ म्हणणाऱ्या दोन माणसांमुळे.

बाहेर बर्फ पडतो आहे. माझ्या पोटात काळोख आहे आणि तिथे कुणी येत नाही. पण दोरा ताठ आहे.